तीन नंबर किती खाली येतं

४ फेब्रुवारी

ताई,

फोनच करणार होते. पण गेले तीन फोन तू मध्येच ठेवून दिलेस, आणि चौथा उचललाच नाहीस. पत्र काही तुला मध्येच ठेवून देता येणार नाही. फाडलंस तरी निदान दोन ओळी वाचूनच फाडशील.

आईनं सांगितलंच असेल (ती सांगितल्याशिवाय राहते होय!) की मला त्या समितीची सचिव केलंय. काम थोडक्यात असं: कोळशावरची जुनी वीजकेंद्रं पुढच्या दहा वर्षांत बंद करायची, तर आधी कुठलं आणि शेवटी कुठलं, याची यादी करायची. हवा दरवर्षी तापतेय, ते काही तुला नव्याने सांगायला नको. भट्टीशेजारी उभी असतेस तू.

तुमचं केंद्रही यादीत येणार. म्हणून तुझ्याकडे दोन गोष्टी मागते. एक, तुमचं तीन नंबरचं युनिट किती खाली येतं? म्हणजे तेल न फवारता, ज्योत न विझता, क्षमतेच्या कमीत कमी किती टक्क्यांवर चालतं? कागदावरचे आकडे माझ्याकडे ढीगभर आहेत, पण ते साहेबांनी साहेबांसाठी लिहिलेले. मला कंट्रोल रूमच्या डेस्कवरच्या माणसाचा आकडा हवाय.

दुसरी गोष्ट बाबांची वही. बाबा जेवताना ताटाशेजारी चमचे मांडून सांगायचे, आठवतं? ‘कमी करताना आधी कोळसा, मग हवा. वाढवताना आधी हवा, मग कोळसा.’ मला एवढंच आठवतं. बाकीचं त्या वहीत आहे. आठ दिवसांसाठी दे. जपून परत करीन.

तुझी,
बारकी

---

१२ फेब्रुवारी

बारके,

पत्र मिळालं. आईनं माझ्या आधी वाचलं, मग शेजारणीला वाचून दाखवलं, मग मला दिलं. तुझा पेपरात आलेला फोटो तिनं फ्रिजच्या दारावर चिकटवलाय. दूध काढायला गेलं की तू दिसतेस. परवा तर मला म्हणाली, “बघ, कुठल्या कुठे पोचली!” मी आठ तासांची शिफ्ट करून, पायताणसुद्धा न काढता उभी होते. मी कुठे पोचले ते विचारायचं तिला सुचलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मी घरीच पोचले होते.

आता लपवून काय उपयोग, पोटात दुखतं माझ्या. तू शिकायला गेलीस तेव्हा मी बाबांबरोबर डेस्कवर बसायला लागले. बाबांचं दुखणं मी काढलं, आईला मी सांभाळते, चोवीस वर्षं तेच डायल मी बघते, आणि फ्रिजवर फोटो तुझा. तुझे भावजी म्हणतात, अगं, बहीणच आहे ना? म्हटलं, म्हणूनच. शेजारीण असती तर एक वेळ कौतुक केलं असतं.

तर तुझं काम. तीन नंबर पंचावन्न टक्क्यांपर्यंत खाली येतं. त्याच्या खाली ज्योत हलायला लागते आणि तेल फवारावं लागतं. घे लिहून. पंचावन्न.

वही सापडत नाही. क्वार्टर बदलली तेव्हा कुठेतरी गेली. माझं घर म्हणजे काही तुझं ऑफिस नव्हे, प्रत्येक कागदाला नंबर असायला.

ताई

---

२१ फेब्रुवारी

ताई,

आकडा मिळाला, आभार. पंचावन्न लिहिलं, आणि खाली ‘डेस्कवरील अनुभवी ऑपरेटरची माहिती’ असंही लिहिलं.

वही हरवली म्हणतेस. बरं. पण एकदा बोलून टाकते. तू माझ्यावर जळतेस हे तू लिहिलंस, ते वाचून मला हसूच आलं. का माहितीये? बाबा गेल्यावर त्यांच्या लॉकरची किल्ली तुझ्याकडे आली. वही तुला मिळाली. मी परीक्षेला होते, दोन दिवस उशिरा पोचले, तोवर सगळं वाटून झालं होतं. मला त्यांची छत्री मिळाली. उघडत नाही ती. एकोणीस वर्षं घरोघर घेऊन फिरतेय मी ती बंद छत्री. आणि तुला मात्र वाटतं, सगळं मलाच मिळालं.

आईला औषध वेळेवर दे. (देतेसच, ठाऊक आहे. सवयीनं लिहिलं.)

बारकी

---

२ जून

सचिवबाई,

यादी बघितली. कॅन्टीनच्या फळ्यावर कुणीतरी चिकटवलीय. पहिल्याच ओळीवर आमचं तीन नंबर, डिसेंबरात बंद. एक नि दोन कधीच बंद झाले, म्हणजे गेलंच सगळं केंद्र. आमच्याहून जुनी, आमच्याहून जास्त धूर ओकणारी केंद्रं आठव्या नि नवव्या ओळीवर, आणि आम्ही पहिले!

मी डबा घेऊन आत गेले तर फळ्यासमोरची माणसं बाजूला झाली. माझी बहीण समितीवर आहे हे सगळ्यांना माहीत आहे, कारण आईनं ते कुणाला सांगायचं ठेवलेलं नाही. टर्बाइनचा फिटर, आठ वर्षं माझ्याशेजारी बसून जेवणारा माणूस, म्हणाला, “ताई, तुमच्या घरातूनच वीज पडली की हो.” मी डबा तसाच झाकून परत आणला.

केसानं गळा कापलास बारके. मी डेस्कवर बसते, हेच खुपत होतं ना तुला? छत्री मिळाली म्हणून आमचा सगळा कारखानाच बंद? चारशे माणसं आहेत इथं. दुसऱ्या केंद्रावर पाठवू म्हणतात. माझं वय पन्नासला टेकलं. आईला घेऊन कुठे जाऊ? त्या नव्या ठिकाणी, ते सौर पत्रे पुसत बसू?

कळकळीनं कोळसा बंद करायला निघालात, करा. मलाही कळतं, उन्हाळा आता पूर्वीचा राहिलेला नाही. डेस्कवरचा पंखा गरम हवा ढकलत असतो. पण सुरुवात सख्ख्या बहिणीच्या खुर्चीपासून करायची होती?

आईनं फोटो फ्रिजवरून काढला. मी सांगितलं नव्हतं. तिनंच काढला. मला वाटलं होतं बरं वाटेल. वाटलं नाही.

ताई

---

८ जून

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. उत्तर रागात लिहायचं नाही म्हणून पाच दिवस थांबले. तरी आहेच थोडा.

यादी मी राग काढायला केलेली नाही. ती कशी होते ते सांगते, आणि नीट वाच, कारण सगळं त्यातच आहे.

दुपारी ऊन असतं. सौर वीज इतकी येते की सगळ्यांना पुरून उरते. तेव्हा कोळशाच्या केंद्रांनी खाली वाकून तिला वाट द्यायची. जे वाकत नाही, त्याच्यापायी आम्हाला चांगली चालू सौर केंद्रं बंद ठेवावी लागतात. ऊन वाया, कोळसा जळतोय. म्हणून जे केंद्र वाकत नाही, ते आधी बंद. जे खूप खाली वाकतं आणि संध्याकाळी ऊन गेल्यावर पटकन वर येतं, ते शेवटपर्यंत ठेवायचं. वीज साठवायच्या मोठ्या बॅटऱ्या उभ्या राहीपर्यंत आम्हाला अशी केंद्रं लागणारच आहेत. जुनं की नवं, हा प्रश्नच नाही. वाकतं किती, एवढाच प्रश्न आहे.

तुमचं तीन नंबर पंचावन्नवर अडतं. बाकीची पन्नास, अठ्ठेचाळीस, पंचेचाळीसवर येतात. म्हणून ते पहिलं. तो पंचावन्न मी कुठून आणला, ते तुला सांगायला नको.

आता माझी चूक. तो आकडा वाचला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. बाबांचं तीन नंबर आणि पंचावन्नवर अडेल? मी येऊन विचारायला हवं होतं. एका दिवसाचा प्रवास. मी आले नाही. तू वही हरवली म्हणालीस ना, तेव्हा ठरवलं, आता हिच्या दारात जायचं नाही. म्हणेल ते लिहायचं आणि पुढे जायचं. खुन्नस होती ती, दुसरं काही नाही. सचिवाला शोभणारी गोष्ट नाही, पण बहिणीला शोभते बहुतेक.

हरकती ३० जूनपर्यंत घेतल्या जातात. आकडा खरा असेल तर गप्प बस. खोटा असेल तर सहीनिशी लिहून पाठव. मला नको, समितीच्या अध्यक्षांच्या नावे.

बारकी

---

१५ जून

बारके,

आकडा खोटा आहे.

तीन नंबर चाळीसवर येतं. तेल न फवारता. मी स्वतः आणलंय, किती वेळा ते मोजलेलंही नाही. बाबांनी आणलेलं तर मी पाहिलंय.

का खोटं सांगितलं? आधी स्वतःला एक कारण दिलं. आमच्यात रीतच आहे, वरच्यांना मशीनचा खरा आकडा सांगायचा नाही. आज चाळीस सांगितलंत तर उद्या पस्तीस मागतील, आणि मशीन बिघडलं की डेस्कवाल्याची मान. बाबासुद्धा हातचं राखूनच सांगायचे. पण बाबा पाच राखायचे गं. पंधरा कुणी राखत नाही. पंधरा मी तुझ्यासाठी राखले.

तू एवढी मोठी समितीची बाई, आणि तुला माझ्याकडून आकडा लागतोय, याचा मला इतका आनंद झाला होता, सांगू नये. म्हटलं, देते हिला. चुकू दे चारचौघांत. आणि मूर्खासारखं असंही वाटलं, की जे वाकत नाही त्याला कोण हात लावणार? ताठ उभं राहिलं की वाचतं. करायला गेले एक नि झालं भलतंच. आपलेच दात नि आपलेच ओठ.

वही हरवली नव्हती. तुझं पत्र आल्यावर डेस्कच्या खणातून काढून कपाटात चादरींच्या खाली ठेवली होती मी. आज हरकतीच्या अर्जासोबत रजिस्टर पोस्टानं पाठवली, अध्यक्षांच्या नावे. अर्जात सरळ लिहिलंय: मी, तीन नंबरची डेस्क ऑपरेटर, चुकीचा आकडा दिला, जाणूनबुजून दिला. तुझे भावजी म्हणाले, जाणूनबुजून हा शब्द तेवढा गाळ. मी पेन हातात घेऊन बसले होते बराच वेळ. नाही गाळला.

पोस्टातून परत आल्यावर आधी टर्बाइनच्या फिटरला सांगितलं. म्हटलं, बाकीच्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा हे बरं. त्यानं ऐकून घेतलं आणि डबा उघडला. डब्यातली चटणी नेहमी माझ्याकडे सरकवतो, ती त्यानं सरकवली नाही. त्याचं बरोबरच आहे.

ताई

---

४ जुलै

ताई,

अर्ज वेळेत पोचला. तो वाचायच्या दिवशी मी बैठकीतून उठून बाहेर गेले. अर्जदार माझी सख्खी बहीण, माझं तिथं काम नाही, असं नोंदवून गेले. बाहेर बाकावर बसले होते. आतून अध्यक्षांचा आवाज येत होता, ‘जाणूनबुजून’ हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. शिपाईकाका मला पाणी देऊन गेले. म्हणाले, “कुणी आजारी आहे का घरी?” मी म्हटलं, नाही, बरं होतंय.

निर्णय असा: नुसत्या वहीवर आकडा बदलणार नाहीत. चाचणी होईल. २२ जुलै, भर दुपारी, दोन तज्ज्ञ येऊन डेस्कशेजारी उभे राहतील. तीन नंबर चाळीसवर आणून एक तास धरायचं. तेल फवारलं की चाचणी फसली. डेस्कवर कोण, ते केंद्रानं ठरवायचं. तुझ्या मुख्य साहेबांना विचारलं तर ते म्हणाले म्हणे, “जिनं घाण केली तीच निस्तरेल. आणि दुसऱ्या कुणाला जमणारही नाही.”

एक अडचण आहे. वही आता पुरावा आहे. ती फाइलमध्ये सीलबंद असते, चाचणी होईपर्यंत परत मिळणार नाही. मी विनंती केली असती, पण मी सांगितलं तर बहिणीसाठी केलं असं दिसेल. तुला वहीशिवाय करावं लागेल.

मीही ती उघडलेली नाही. फक्त नोंद करताना टेबलावर पाहिली. पहिल्या पानावर जाड कागद चिकटवलाय तो तू का गं? कारकून म्हणाला, आतून काहीतरी लिहिलेलं दिसतं, काढू का. मी म्हटलं, हात लावू नका.

मी त्या दिवशी येऊ शकत नाही. माझं मन मात्र दुपारभर तिथेच असेल.

बारकी

---

२४ जुलै

बारके,

निकाल तुला ऑफिसातून कळला असेलच. पण तो कसा झाला ते माझ्याकडून ऐक.

साडेबाराला सुरुवात केली. बाहेर पावसाची उघडीप नि कडक ऊन, आत दोन तज्ज्ञ, मुख्य साहेब, आणि काचेपलीकडे अर्धी शिफ्ट. टर्बाइनचा फिटरही होता, हाताची घडी घालून. मला वाटलं, ही सगळी माझी फजिती बघायला आलीत. आणि आली असती तरी मला कुणावर रागवायचा हक्क होता का?

सत्तर, साठ, पंचावन्न. माझा खोटा आकडा शांतपणे मागे गेला. पन्नास. कोळसा दळणारी वरची मिल बंद केली, खालच्या राहू दिल्या. सेहेचाळीसला ज्योतीची सुई थरथरली. एक तज्ज्ञ पुढे झुकला. माझा हात सवयीनं खालच्या खणाकडे गेला. नडलं की वही तिथं असायची, दर वेळी, एकोणीस वर्षं. खण रिकामा.  म्हटलं, आता गेलं. चारशे माणसं माझ्या मत्सरापायी गेली.

आणि तोंडानं आपोआप बोलायला लागले मी. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. “आधी कोळसा, मग हवा. हवेला घाई नको. मधली झडप दोन बोटं. आता थांब. आता भट्टीच्या काचेतून बघ. कडा पिवळी आहे ना? मग आणखी उतर.” पान न् पान. कुठल्या पानाच्या कोपऱ्यात चहाचा डाग आहे तोही डोळ्यांसमोर. भट्टीवरचा माणूस काचेतून बघून ओरडला, “पिवळी आहे, ताई!” चव्वेचाळीस. बेचाळीस. चाळीस. तिथं एक तास धरलं. सुई जागची हलली नाही. तेलाचा थेंब नाही. तज्ज्ञ सही करताना म्हणाला, “हे तुम्ही कुठे वाचलंत?” मी म्हटलं, वाचलं होतं कधीतरी.

यादीत आमचं नाव आता शेवटच्या ओळीवर. बॅटऱ्या येईपर्यंत, दहा वर्षं म्हणतात. मग बंद. होऊ दे. तोवर मीही निवृत्त होईन. मला मेमो मिळालाय, आणि पुढची बढती अडवलीय. बरोबर केलं. फिटरनं आज डब्यातली चटणी सरकवली.

आता त्या चिकटवलेल्या कागदाचं. तो मीच चिकटवलाय. बाबा गेले त्या आठवड्यात, लॉकर रिकामं करताना, तू यायच्या आधी. खाली बाबांच्या अक्षरात दोन ओळी आहेत. पहिली ओळ अशी: ‘ही वही बारकीला द्यावी.’

ते वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी त्यांच्याशेजारी पाच वर्षं उभी, मी हात भाजून घेतलेले, आणि वही तुला? तू डेस्क बघितलंसुद्धा नव्हतंस. त्याच संध्याकाळी लोडचा एक जुना तक्ता कापून खळीनं चिकटवून टाकला. तुला छत्री दिली. ती उघडत नाही हे मला माहीत होतं. एकोणीस वर्षं मी तुझ्यावर जळत होते ते त्या फोटोवरून नव्हे गं. त्या ओळीवरून.

दुसरी ओळही तेव्हाच वाचली होती. वाचली, पण डोक्यात शिरलीच नाही. पहिल्या ओळीनंच कान बंद झाले होते. परवा दुपारी, रिकाम्या खणात हात घातलेला असताना, ती मला अचानक ऐकू आली.

वही आता सीलमधून सुटेल. परत पाठवू नकोस. ओलं फडकं फिरव, खळ सुटेल, घाई करू नकोस, शाई जुनी आहे. खाली असं आहे:

‘ही वही बारकीला द्यावी. थोरलीला सगळी पाठ आहे.’

ताई